बावीस मिनिटांचं अणुयुद्ध

देवनारला घर बघायला गेलो तेव्हा एजंटने आम्हाला जिन्यातच थांबवलं. म्हणाला, "मॅडम, घर झकास आहे. पाण्याचा त्रास नाही, मालक एकदम सज्जन. फक्त ते टाळी वाजवायला सांगतील. वाजवा. मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, "कसली टाळी?"

"मला काय माहीत. त्या टाळीपायी माझी चांगली चांगली गिऱ्हाईकं परत गेलीत."

मुंबईत घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. मासे खाता का, पाहुणे किती येतात, मूलबाळ कधी, आडनाव काय, म्हणजे नक्की कुठले. या मालकाने यातलं एकही विचारलं नाही. वर ऑफिसचा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, खाली पायजमा. आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, समोर उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि म्हणाले, "ताल धरा."

माझा नवरा धरायला गेला आणि तिसऱ्या टाळीला पडला. त्याचा दोष नाही, त्याला वरातीतसुद्धा कुठला पाय टाकायचा ते कळत नाही. मी मात्र धरलं. आमचे बाबा वाकोल्याच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गिरणीत होते तेव्हाही वाजवायचे आणि गिरणी बंद पडल्यावर तर दुसरं काही करायलाच नव्हतं. मला झोपेतून उठवून सात मात्रा धर म्हटलं तरी धरीन.

"घर तुमचं," ते म्हणाले.

नवऱ्याने विचारलं, "आणि डिपॉझिट वगैरे?"

"ते एजंट बघेल. रविवारी अकरा वाजता खाली या. तुम्ही नाही हो. ह्या."

अशा रीतीने मी एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची ड्रमर झाले. बँडमध्ये आम्ही दोघंच. त्यांची दोन घरं होती. पहिल्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे आणि त्यांच्या डोक्यावरचं घर आम्हाला दिलेलं. आता आम्ही मुलुंडला स्वतःच्या घरात आहोत. इथे कोणी टाळ्या वाजवायला सांगत नाही, मेन्टेनन्स सोडून कोणी काही बोलत नाही, आणि रविवारी अकरा वाजले की माझी बोटं उगाचच टेबलावर चालायला लागतात.

काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. तरुणपणी नोकरीला लागले तेव्हा साहेबाने त्यांच्यापुढे पॉलिसीच्या अटींचा गठ्ठा टाकला आणि सांगितलं, मराठीत करून दे. त्यात नववं कलम होतं. काकांनी ते भाषांतर केलं, मोठ्याने वाचून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ते सात मात्रांत बसतंय. साहेबाने नंतर ते भाषांतर बदललं, लहान केलं. काकांनी बदललं नाही. ते त्याच्या पुढे लिहीत गेले आणि त्याचं बावीस मिनिटांचं गाणं झालं. गाण्याचं नाव 'कलम नऊ'. विषय अणुयुद्ध.

पहिला भाग म्हणजे ते कलमच. काका खर्जात लावायचे,

"युद्ध, परचक्र, शत्रूची आगळीक,
अण्वस्त्र, किरणोत्सर्ग, तज्जन्य प्रदूषण,
यांमुळे झालेल्या कोणत्याही हानीस
कंपनी जबाबदार राहणार नाही..."

शेवटचा 'राहणार नाही' वाढत वाढत जायचा. आधी कंपनी राहणार नाही, मग ऑफिस राहणार नाही, गोवंडी राहणार नाही, वाशीचा पूल राहणार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसायलाच आलं होतं, पण पुलाशी येईपर्यंत हसू गेलं. दुसरा भाग म्हणजे भोंगा. काकांकडे एक जुना सिंथेसायझर होता, त्याला ते 'यंत्र' म्हणायचे. त्यातून असा भोंगा निघायचा की समोरच्या बिल्डिंगमधली बाई गॅस बंद करून बाहेर यायची. तिसरा भाग म्हणजे शांतता, दीड मिनिट. आणि चौथा भाग, 'नंतर'.

चौथा भाग कोणी ऐकला नव्हता.

कारण काकांचा नियम होता. चौथा भाग वाजवायचा तर तिसरा पूर्ण व्हायला हवा. दीड मिनिट एकसुद्धा आवाज होता कामा नये. "जगबुडीनंतर कुकरच्या शिट्ट्या होत नाहीत," ते म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दीड मिनिट शांतता असते कुठे? भंगारवाला येतो. लिफ्टचं दार उघडं राहतं आणि ती रेकॉर्ड केलेली बाई आतून हिंदीत विनवण्या करत बसते. कोणीतरी वरून खाली वॉचमनला हाका मारतं. खिडकीत कबुतर फडफडलं तरी काका यंत्रावरचे हात खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "फुटली." लोकांची शांतता भंगते, काकांची फुटायची. फुटली की त्या रविवारची तालीम संपली.

आणि ज्या रविवारी भंगारवाला नसे, लिफ्ट गप्प असे, कबुतरंही कुठे गेलेली असत, त्या रविवारी शांतता अगदी शेवटाला आली, काकांची बोटं पट्ट्यांवर टेकली, की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा,

"अहो, चहा टाकू का?"

"फुटली."

काकू म्हणजे गोल चेहऱ्याच्या, ठेंगण्या, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. बिल्डिंगच्या महिला मंडळात भजनाला त्या पुढे असत. गळा साधा, पण सूर पक्का. पेटीवाली चुकली तर तोंडाने काही म्हणायच्या नाहीत, फक्त तिच्याकडे बघायच्या. अशा बाईला नवऱ्याच्या गाण्यातली शांतता कळू नये याचं मला नवल वाटायचं. एकदा मी न राहवून विचारलं, "काकू, चौथा भाग खरंच आहे का हो? का नुसतंच आपलं?" कारण सोसायटीत उघड बोलत, की चौथा भाग वगैरे काही नाहीये, काका थापा मारतात.

"आहे तर," काकू म्हणाल्या. "मी ऐकलाय. आमचं लग्न ठरल्यावर त्यांनी मला ऐकवला होता."

"कसा आहे?"

काकूंनी हातातल्या मेथीच्या जुडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चहा घेशील ना गं?"

काकांना प्रत्येक गोष्टीची मागची बाजू वाचायची सवय. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, लॉन्ड्रीची पावती, हॉलच्या बुकिंगची रिसीट. चष्मा कपाळावर, कागद नाकाला. सोसायटीतल्या पोराचं लग्न ठरलं आणि तो पेढे घेऊन आला, तर काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "अभिनंदन. अटी वाचल्यास का?" पोरगा गोंधळला. काकू आतून म्हणाल्या, "तू लक्ष देऊ नको रे, ते सगळ्यांना विचारतात." स्वतःचा मात्र त्यांनी एकही विमा काढला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बारीक संकटाला विमा असतो. मोठ्या संकटाला कंपनी नसते. मोठ्या संकटाला गाणं लागतं." आणि वारा फिरून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वास आला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची, काका मुद्दाम उघडायचे. म्हणायचे, "ये, वास घे. 'नंतर' असाच वास असणार आहे." मी म्हटलं, "काका, आत्ताच येतोय की." त्यावर त्यांनी बराच विचार केला.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं. न विचारता किती दिवस वाजवणार? ते म्हणाले, "ज्यात टाळ्या कधी वाजवायच्या ते प्रेक्षकाला कळत नाही, ते." कॉलेजात असताना त्यांचा घाटकोपरला बँड होता म्हणे. एक कॅनडाला गेला, एक सत्संगाला लागला, एकाने घाटकोपरातच फरसाणाचं दुकान काढलं. बँडमधला एक मोठा ड्रम तेवढा उरला, तो मला मिळाला, आणि त्याच्या जोडीला मी घरून झांजा आणल्या. आमचे बाबा एकदा आमच्याकडे राहायला आले होते, रविवारी तेही खाली येऊन बसले. पहिला भाग डोळे मिटून ऐकला, मांडीवर ताल धरला आणि म्हणाले, "ह्यो तर सात मात्रांचो रूपक आसा. रॉक खंय आसा ह्येच्यात?" काका नंतर दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. बाबांशी मात्र बोलत होते.

या गाण्याचा पहिला जाहीर प्रयोग सोसायटीच्या गणपतीत झाला. सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा जे होते, तेच आत्ताही असतील. सतत घाई असलेला माणूस. कुठेही जायचं नसलं तरी हातात गाडीची किल्ली. त्यांनी सांगितलं, प्रत्येक आयटमला सात मिनिटं. काका म्हणाले, अणुयुद्ध सात मिनिटांत होत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, युद्ध तुमच्या घरी पूर्ण करा ना, इथे थोडक्यात दाखवा." शेवटी काकूंनी मध्यस्थी केली आणि बावीस मिनिटं मिळाली.

पहिला भाग लोकांनी ऐकला. भोंग्याला लहान मुलं रडली, पण तीही नंतर गप्प झाली. तिसरा भाग सुरू झाला. सगळा मंडप स्तब्ध. काका हात वर धरून उभे, मी ड्रमवर तळवा ठेवून बसलेली. आणि मागच्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं, की संपलं बिचाऱ्यांचं, टाळ्या तरी वाजवाव्यात. त्याने वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, काहींनी तर सुटका झाल्यासारख्या मनापासून. सेक्रेटरींनी माईक ओढून घेतला. "धन्यवाद काका, धन्यवाद. फार छान अणुयुद्ध झालं. आता आपली वेशभूषा स्पर्धा." आणि स्टेजवर जांभळा झगा घातलेली एक पोरगी आली आणि म्हणाली, "मी वांगं आहे. माझ्यात लोह असतं."

काका तिच्या शेजारी हात वर धरून तसेच उभे होते. मी दंडाला धरून खाली आणलं. खाली आल्यावर म्हणाले, "हरकत नाही. जगबुडीनंतर पहिलं काय उगवेल सांगता येत नाही."

पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही वर्षी. लोकांना आता ठाऊक झालं होतं, की शांतता आली की टाळ्या वाजवायच्या, त्यामुळे त्या आणखीच लवकर पडायला लागल्या. ज्या माणसाच्या गाण्याची व्याख्या टाळ्या कधी वाजवायच्या ते न कळण्याची, त्याच्या गाण्यात आमच्या सोसायटीने टाळ्यांची जागा पक्की करून टाकली. काका हसण्यावारी न्यायचे. पण घरी आल्यावर यंत्रावर फडकं टाकताना त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. वय होत चाललं होतं. त्यांना गाणं गाजायला नको होतं, सीडी नको होती, मोबाईलवर टाकू म्हटलं तर तेही नको. चौथा भाग एकदा, कुणीतरी माणसाने, नीट शांततेनंतर ऐकावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मुंबईत नेमकी तीच गोष्ट मिळत नाही.

मग सरकारी मॉक ड्रिलचा फतवा आला. संध्याकाळी भोंगा वाजेल, सगळ्यांनी दिवे घालवायचे, गप्प बसायचं, युद्धाची तयारी. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. सेक्रेटरींना वेगळीच चिंता. आमची गल्ली आत, दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिलेले, सरकारी भोंगा इथपर्यंत ऐकू येणार नाही. आणि शेजारच्या सोसायटीने स्वतःचा भोंगा आणला होता. मग हे काय मागे राहतात? किल्ली फिरवत पहिल्या मजल्यावर आले. मी तिथेच बसले होते.

"काका, तो तुमचा भोंगा आहे ना गाण्यातला, तो जरा वाजवायचा. पार्किंगमध्ये गणपतीचे स्पीकर लावून देतो."

"भोंगा दुसऱ्या भागात आहे," काका म्हणाले.

"हो ना, तोच."

"पहिल्याशिवाय दुसरा कसा येईल?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी कशाला मध्ये पडू? मग त्यांनी काकूंकडे बघितलं, त्या शेंगा सोलत होत्या. "बरं, पहिला पण वाजवा."

"आणि दुसऱ्यानंतर तिसरा येतो. तिसऱ्यात कोणी टाळी वाजवली तर मी पोलिसात कळवीन, की या सोसायटीने युद्धाच्या तयारीत अडथळा आणला."

त्या संध्याकाळी काय झालं ते देवनारमध्ये अजून सांगतात. ठरल्या वेळी आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगांत अंधार झाला आणि आमची एकटी लखलखत राहिली, कारण काकांचा पहिला भाग संपायचा होता. काका पार्किंगमध्ये गात होते, "वाशीचा पूल राहणार नाही..." आणि समोरच्या टॉवरमधून लोक ओरडत होते, "ओ, लाइट बंद करा, मरायचंय का?" सेक्रेटरी स्कूटरींच्या मधून धावत म्हणत होते, "काका, आटपा ना." काकांनी एकही ओळ गाळली नाही. मग भोंगा आला. असा आला, की टॉवरवाले गप्प झाले. आमचे दिवे मजल्यामजल्याने गेले. भोंगा उतरत उतरत बंद झाला आणि तिसरा भाग सुरू झाला.

मी मुंबईत जन्मले. तशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. रस्त्यावर गाड्या थांबलेल्या. कुत्रीसुद्धा बसून होती. सगळ्या मजल्यांवर माणसं खिडक्यांना उभी आणि एकाचाही आवाज नाही. सेक्रेटरी माझ्या शेजारी अंधारात तोंडावर बोट ठेवून उभे होते, आणि त्यांच्या हातातली किल्लीही वाजत नव्हती. काकांचे हात वर होते. मला खरंच वाटलं, आज होतंय. देवाला म्हटलं, एवढं होऊ दे रे बाबा. काकांची बोटं खाली यायला लागली, पट्ट्यांना टेकली.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "अहो, झालं का? चहा टाकू का?"

आधी कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळे मजले हसले. अंधारात माणसं दिसत नव्हती, नुसतं हसू वरून खाली येत होतं. कुणीतरी दिवा लावला. काकांनी यंत्राची वायर काढली आणि गुंडाळत म्हणाले, "फुटली."

मला काकूंचा इतका राग आला होता, की मी जिना चढताना त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, बाई आहे का कोण आहे, आयुष्यभराची एक गोष्ट नवऱ्याला मिळत होती, वाट लावली तिची. थोड्या वेळाने माझ्या दारावर टकटक झाली. काकूच होत्या, हातात रिकामी वाटी. "चहापत्ती आहे का गं थोडी? आमच्याकडची दुपारीच संपली." मी वाटी भरून दिली, पण बोलले नाही. त्या म्हणाल्या, "रागावलीस का?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं," आणि वाटी सांभाळत खाली गेल्या.

त्यानंतर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घाटकोपरच्या हॉस्पिटलात त्या, सोबतीला सासरहून आलेली त्यांची मुलगी, आणि काका रोज सकाळी डबा घेऊन जायचे, दुपारच्या आत परत. त्याच आठवड्यात रविवारी सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न होतं, मुलुंडला हॉलवर. झाडून सगळी सोसायटी बस करून गेली. माझा नवराही गेला, त्याला जेवण चुकवायचं नव्हतं. मी गेले नाही, पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरींशी माझं वाजलं होतं. अकरा वाजता काका स्वतः जिना चढून वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "आज मिळेल."

खाली गेले तर त्यांनी फ्रिजचा प्लग काढून ठेवला होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेलही काढलेला. लिफ्टचं दार नीट लागलंय का ते येताना बघून आले होते. आम्ही सुरुवात केली. कलम झालं, पूल गेला, भोंगा वाजला. मग शांतता.

कबुतर नाही. भंगारवाला नाही. वारासुद्धा पडलेला. काकांनी एकदा मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे नुसता पडदा. मग त्यांची बोटं खाली आली आणि चौथा भाग सुरू झाला.

काय सांगू. मी झांजा उचलल्या आणि मला कळेचना कुठे मारू. सात मात्रा नव्हत्याच. सरळ चार, शाळेच्या कवायतीसारख्या. यंत्रावर एक बटण होतं पक्ष्यांच्या किलबिलाटाचं, ते दाबलेलं. वर बासरी. आणि काका, ज्यांनी 'तज्जन्य प्रदूषण' हा शब्द अंगावर काटा येईल असा गायला होता, ते काका डोळे मिटून गात होते, की पुन्हा उजाडलं, कळी उमलली, धरतीच्या गाली हसू आलं, मानवा रे मानवा, प्रेमाचा दिवा लाव. एक कडवं संपलं की दुसरं. बालवाडीच्या गॅदरिंगला वांग्याने म्हणावं असं गाणं. मी खाली मान घालून ताल धरत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्यासाठी या माणसाने सगळं आयुष्य शांतता शोधली, ते हे होतं. आणि आता संपल्यावर तो मला विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

गाणं संपलं. काकांनी पक्षी बंद केले.

त्यांनी विचारलं नाही. पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "हे असं नव्हतं."

"म्हणजे?"

"डोक्यात असं नव्हतं. डोक्यात फार चांगलं होतं." मग म्हणाले, "वाईट आहे ना गं?"

मी म्हटलं, "हो, काका."

"फार?"

"पहिले तीन भाग इतके चांगले आहेत, म्हणून फार."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "हिला ऐकवला होता. लग्न ठरल्यावर. खाडीकडे जाऊन बसलो होतो, तोंडानेच म्हणून दाखवला, बासरीसकट. संपल्यावर ही साडी झटकून उठली. मग म्हणाली, चहा घ्यायचा का." ते पडद्याकडे बघायला लागले. मीही बघायला लागले.

मग मी त्यांना वाटीचं सांगितलं. ड्रिलच्या संध्याकाळी घरात चहापत्तीच नव्हती, हे. ज्या बाईने गॅलरीतून साऱ्या देवनारसमोर चहा टाकू का विचारलं, तिच्याकडे टाकायला चहा नव्हता.

काकांनी टेबलावरचा सेल उचलला, घड्याळात बसवला, काटे फिरवून वेळ लावली. पाठमोरेच म्हणाले, "एवढी वर्षं कंपनीत काढली. घरच्या अटी वाचल्या नाहीत बघ मी." त्यांचा आवाज बरा नव्हता. मी चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाले.

काकू घरी आल्या त्याला काही आठवडे झाले आणि आमचं मुलुंडचं घर ताब्यात आलं. जाण्याआधीच्या रविवारी मी शेवटची खाली गेले. काका नेहमीसारखे, शर्टाची बटणं मनगटापर्यंत. चौथ्या भागाचं त्यांनी काकूंना काही सांगितलेलं दिसत नव्हतं. काकू आतल्या खोलीत पलंगावर होत्या, बाजूला वॉकर. मला म्हणाल्या, "जातेस ना आता? झांजा घेऊन जा हो तुझ्या, विसरशील."

कलम झालं. भोंगा झाला. शांतता सुरू झाली.

खाली भंगारवाला ओरडला. मी हात खाली घेतले. काकांनी घेतले नाहीत. लिफ्टमधल्या बाईने दार लावायची विनंती केली, तरी त्यांचे हात वरच. दीड मिनिट केव्हाच होऊन गेलं. ज्या माणसाला कबुतराचा पंख चालत नव्हता, तो त्या सगळ्या गोंगाटात हात वर धरून स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत बसला होता. मग आतल्या खोलीतून वॉकरची ठकठक सुरू झाली. एक ठक, मग विश्रांती, मग पुन्हा. पॅसेजमधून यायला त्यांना फार वेळ लागला. काकांनी ती ऐकलीच नाही, असं दाखवलं. हात दुखत असणार.

पडदा सरकला. काकू धापा टाकत होत्या. वॉकरवर दोन्ही हात ठेवून त्यांनी आधी श्वास घेतला.

"अहो, चहा टाकू का?"

"फुटली," काका म्हणाले आणि हात खाली घेतले. मग यंत्रावर फडकं टाकता टाकता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "टाक. पत्ती कालच आणून ठेवलीय मी."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली वाकून झांजा पिशवीत भरत होते.